हौसाचं वजन

मी एक वजनकाटा बोलतोय. वाण्याच्या दुकानातला नव्हे. गूळ, शेंगा, मिरची यांतलं काही माझ्या वाट्याला कधी आलं नाही. मला तुळईला टांगायचं, माझ्या हुकात कापडाची झोळी अडकवायची आणि झोळीत मूल ठेवायचं. मूल रडतं, पाय झाडतं, मग दमून क्षणभर गप्प होतं. तेवढ्या क्षणात माझा काटा स्थिर होतो. मी जगलो तो अशाच क्षणांमध्ये.

माझा जन्म कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. मीरासाब नावाच्या कारागिराने माझी स्प्रिंग वळली. गोल पांढऱ्या तबकडीवर काच बसवली, हुकाला वजन लावून पाहिलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बाळा. आता पोरं खेळव."

मला वाटलं, मी दवाखान्यात जाणार. पण मी आलो राजारामपुरीतल्या एका प्रशिक्षण केंद्रात. तिथे औषध देत नसत. आजारांचा अभ्यास कसा करायचा, मापं कशी घ्यायची, सरासरी कशी काढायची आणि तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे तिथे शिकवत. शिकायला नर्सबाया येत, आरोग्यसेवक येत, एखादा तरुण डॉक्टरही येई. शिकवायला डॉ. चौगुले सर होते. ते सावकाश बोलत आणि फळा पुसताना खडूची सगळी धूळ अंगावर घेत.

सरांनी पहिल्याच दिवशी मला खिडकीच्या गजाला टांगलं आणि एकच वजन सगळ्यांना आळीपाळीने वाचायला लावलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं! माणसांना पूर्ण आणि अर्धे आकडे फार आवडतात, हे मला तेव्हा कळलं. माझा काटा मधल्या बारीक रेघेवर थांबला की ते त्याला मनानेच जवळच्या जाड रेघेवर नेऊन बसवतात.

पेठ वडगावची हाफिजा मात्र तसं करत नसे. ती नवी नर्स होती, बुजरी होती, वर्गात मागे बसायची. पण मला वाचताना ती डोळे माझ्या तबकडीच्या अगदी समोर आणायची आणि दिसेल तेच लिहायची. रोज सकाळी ती माझा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायची. सरावासाठी आणलेलं मूल झोळीत ठेवण्याआधी झोळी आपल्या पोटाशी धरून उबदार करायची. ते कुणी शिकवलं नव्हतं. मला ती फार आवडायची.

वर्ग संपत आला तेव्हा खरी परीक्षा आली. जोतिबाच्या डोंगराखालच्या एका वाडीत जाऊन मुलांची वजनं घ्यायची होती. सगळ्या घरांना नंबर दिले, चिठ्ठ्या कळशीत टाकल्या, कळशी हलवली. सर म्हणाले, "चिठ्ठी निघेल त्याच घरी जायचं. रस्त्यावरचं घर नाही, ओळखीचं नाही, चहा देणारं तर मुळीच नाही."

हाफिजाच्या जोडीला कृष्णात होता. तो आरोग्यसेवक, तोंडाने फटकळ, मनाने चांगला. वाडीत पोचल्यावर चिठ्ठीतल्या काही घरांना कुलूप दिसलं.

"कुलूप हाय की हो बाई," कृष्णात म्हणाला. "आता काय कुलपाचं वजन करताय? शेजारी बघा, कसलं गुबगुबीत पोरगं हाय. घ्या त्येचंच."

"पण चिठ्ठीत हे घर नाही."

"घराला घर हाय, पोराला पोरगं हाय. सर काय कळशीत डोकावून बघत्यात?"

हाफिजा घुटमळली. ऊन चढलं होतं. शेवटी तिने शेजारच्या घरात मला टांगलं. मुलगा खरंच गुबगुबीत होता. तशी दुसरी मुलंही भेटली. माझा काटा छान उड्या मारत होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांचे कागद पाहिले आणि या दोघांच्या कागदावर थांबले.

"भुईमुगाच्या शेंगा काढायचे दिवस आहेत," ते म्हणाले. "आणि तुम्हाला एकही घर बंद सापडलं नाही?"

हाफिजा उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "सापडली, सर. आम्ही शेजारची घेतली."

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "भर दिवसा घराला कुलूप कोण लावतं? जिला रोजगाराला जावं लागतं ती. तिचं मूल बांधावर, झाडाला बांधलेल्या झोळीत असतं. नेमकं तेच तुम्ही सोडलंत. मग वाडीतली मुलं धष्टपुष्ट आहेत, असं मी वर कळवू का?"

त्या संध्याकाळी, बाया शेतातून परतायच्या वेळी, आम्ही पुन्हा वाडीत गेलो. कृष्णात मला खांद्याला लावून पुढे चालत होता. एका बंद घराची मालकीण, बयाबाई, नुकतीच आली होती. डोक्यावर शेंगांचे वेल, काखेत पोर. मला बघताच ती मागे सरली.

"माझी लेक काय गुळाची ढेप हाय व्हय, टांगून तोलायला? आन् ह्येचा डोळा बघा की केवढा! गोल, पांढराफटक. लागंल पोरीला."

कृष्णातने समजावलं, तर ती म्हणाली, "पावणं, तुमी बसा टांगून आदी!"

हाफिजा हसली. मग म्हणाली, "डोळा ह्याचा हाय न्हवं? मग तीट ह्यालाच लावा की, ताई."

बयाबाईने डोक्यावरचे वेल खाली ठेवले. मग आत गेली, बोटावर काजळ घेऊन आली आणि माझ्या काचेच्या कडेला तिने एक ठसठशीत टिकली लावली. माझ्यासारख्या लोखंडाला तीट! मला एकाएकी घरातला झाल्यासारखं वाटलं.

मग तिने लेकीला झोळीत ठेवलं. तिचं नाव हौसा.

ती आल्याचं मला कळलंच नाही. तिला दात आले होते, ती टकमक बघत होती, पण झोळीत जणू ओढणीच ठेवली होती. माझा काटा थोडासा हलला आणि थांबला. हाफिजाने तिला उचलून बयाबाईकडे दिलं, मला पुन्हा शून्यावर आणलं, पुन्हा तिला ठेवलं. काटा तिथेच. मला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावंसं वाटलं. थोडं पुढे सरकावंसं वाटलं. पण मला ते जमत नाही.

आकडा लिहिताना कृष्णातने थट्टा केली नाही.

"ताई, उद्या हिला दवाखान्यात न्यायचं," हाफिजा म्हणाली.

"उद्या शेंगा हायत की वं."

"मी येते सकाळी. दोघी मिळून नेऊ."

ती गेली असणार. मी मात्र केंद्रातच होतो. वर्ग संपला, सगळे आपापल्या गावी पांगले आणि मला कपाटात ठेवलं. हौसाचं नंतर काय झालं, हे मला सांगणार कोण?

पुष्कळ दिवसांनी कपाटाबाहेर ओळखीचा आवाज आला. हाफिजा! ती भांडारावरच्या आकारामशी बोलत होती.

"काटा दोन दिवस द्या. वाडीतल्या बयाबाईच्या पोरीचं परत वजन घ्यायचंय."

"त्या पोरीचं वजन झालंय की, बाई. कागदाला लागलंय. सर्वेत एका पोराचं वजन एकदाच."

"सर्वेसाठी नाही, आकारामभाऊ. वाढली का, ते बघायचंय."

"सर्वेचा काटा सर्वेलाच. सर परगावी हायत. आल्यावर बघू."

मग तिची पावलं दूर गेली. त्यानंतर ती आली नाही; तिला दूरच्या गावी नेमलं असेल, कोण जाणे. मी लोखंडी दारामागून हाक मारू शकत नव्हतो. पण एवढं मला समजलं, की हौसा तेव्हा होती. तिचं वजन घ्यावं, इतकी तरी होती.

त्यालाही आता वर्षं झाली. नव्या वर्गांना नवे काटे आले. माझ्या स्प्रिंगला गंज चढला आहे, झोळी उंदरांनी कुरतडली आहे. माझ्यावर घेतलेल्या वजनांची सरासरी निघाली, ती शिकवलीही गेली. सरासरी काढून झाली की माणसांना बरं वाटतं. मला त्यातली ती एकच मुलगी आठवते.

तुम्ही कधी जोतिबाला गेलात, तर डोंगराखालच्या वाडीत जरा डोकवा. बयाबाईच्या हौसाला विचारा, शाळेत जातेस का, विहिरीवरून घागर आणतेस का. मला दुसरं काही नको. एवढंच येऊन सांगा, की आता ती माझ्या झोळीत मावत नाही.