तिरकं टोक

“सगुणाताई, चार वाजता माणसं येतायत. ती भिंत झाली ना?” गुरुप्रसाद केबिनमधून ओरडला.

“झालीच म्हणायची,” मी म्हणाले. कसली झाली!

सव्वीस वर्षं मी रत्नागिरीच्या या ऑफिसात नकाशे काढतेय. गुरुप्रसादच्या वडिलांच्या वेळी बोर्डावर, पेन्सिलीने. आता याने नवीन सॉफ्टवेअर आणलंय, त्यात अख्खं घरच उभं करायचं. सोमवारी गोड आवाजात म्हणाला, “नाही जमलं तर ड्रॉइंग हेतल करेल, तुम्ही फायली बघा.” हेतल म्हणजे पुण्यात घरी बसून आमचं काम करणारी पोरगी.

घर पाली गावच्या आनंदाचं. त्याची आणि थोरल्या भावाची, महिपतची, जागा आजोबांनी विहिरीपासून माडापर्यंत दोरी ताणून वाटलेली. म्हणजे हद्द तिरकी. आनंदाची भिंत सरळ जाऊन त्या हद्दीला टेकणार, तेव्हा तिचं टोकही तिरकं हवं. पेन्सिलीने एका रेघेचं काम. पण हा मेला कॉम्प्युटर भिंत काटकोनातच संपवायचा आणि कोपरा वीतभर महिपतच्या जागेत घुसायचा. महिपतची सही नाही, तर घर नाही.

साडेतीन झाले. शेवटी मी स्क्रीनवरच्या नकाशात त्या कोपऱ्यावर एक पांढरा तुकडा चिकटवला. छापलेल्या कागदावर टोक छान तिरकं दिसायला लागलं.

भाऊ आले आणि एकमेकांकडे न बघता बसले. महिपतने कागद न्याहाळला, पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात गुरुप्रसादला हौस आली. “थांबा, घर फिरवून दाखवतो.”

स्क्रीनवर घर फिरलं आणि कोपरा हद्दीपलीकडे उघडा पडला.

“ह्ये काय? कागदावर येक नि हितं येक?” महिपत उठला. “आन्या, फसवतोस मला?”

“आईशप्पत दादा, मला काय म्हायती नाय!” आनंदा रडायच्या बेतात आला.

“त्याला बोलू नका,” मी म्हणाले. “लबाडी माझी. टोक कापता येईना, म्हणून झाकलं.”

गुरुप्रसाद लालबुंद झाला. महिपत मात्र परत खुर्चीत बसला. “मग आता कापा. मी हितंच बसतो.”

तिघांच्या देखत मी हेतलला फोन लावला. आता लाज कसली उरलीय!

“सोप्पं आहे काकू. हद्दीच्या रेघेवर, पलीकडच्या बाजूला दुसरी भिंत काढा. तिच्याने पहिली कापा. मग तिला लपवा, पण पुसू नका हं.”

दोनदा चुकले. तिसऱ्यांदा कोपरा गेला, टोक हद्दीला लागून तिरकं थांबलं, आणि दुसरी भिंत मी लपवली. महिपतने घर चारही बाजूंनी फिरवायला लावलं आणि मग सही केली. जाताना आनंदाला म्हणाला, “चल, च्या पिऊ.”

ते गेल्यावर गुरुप्रसाद माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, सोमवारपासून फायली बघा.”

“बरं.” डोळे भरून आले, पण त्याला दिसू दिले नाहीत.

“आणि ती जादा भिंत पुसून टाका. कशाला हवी?”

“ती पुसली की टोक पुन्हा चौकोनी होतं,” मी म्हणाले. “असू दे. दिसणार नाही कुणाला.”

मी भिंत तशीच लपलेली ठेवली, काम सेव्ह केलं आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली.