कुंपणाबाहेरचे मडके

मित्रांनो, सरोवराकाठच्या टेकडीवर ओडेरोबाबांचे घर आहे. त्या घराच्या काटेरी कुंपणाबाहेर ओठ फुटलेले मडके म्हणजे मी. अगदी परवा-परवापर्यंत मी आडवे पडलेले होते आणि माझ्यात एक तपकिरी कोंबडी अंडी उबवत होती.

एके काळी माझ्यात पाणी असे. या घरातल्या अदोयो नावाच्या मुलीने मला घडवले. ओढ्याकाठची काळी माती तिने पायांनी तुडवली, मातीच्या वळ्या एकावर एक रचून मला उभे केले आणि गवताची पिळलेली दोरी तळव्याखाली धरून माझ्या गळ्याभोवती फिरवली. त्या दोरीची नक्षी माझ्यावर उमटली. अदोयो डावखुरी होती. म्हणून इतर मडक्यांवरच्या रेघा एकीकडे झुकतात आणि माझ्या दुसरीकडे. बाजारात बायका विचारत, "अगं अदोयो, तुझं मडकं उलटं चालतं की काय?" पण भर उन्हात माझ्यातले पाणी प्यायल्या की त्याच बायका आणखी मागत.

लग्नाआधीच अदोयोला मुलगा झाला. तो अंगावर पीत होता तेव्हाच ती तापाने गेली. आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीला कुंपणाच्या आत पुरत नाहीत. तिला बाहेर पुरले आणि तिचे मडके म्हणून मलाही तिथेच ठेवले. मुलगा मात्र आत राहिला. तिच्या भावाचा मुलगा म्हणून तो वाढला. तेच ओडेरोबाबांचे वडील. अदोयोचे नाव त्यानंतर कोणी घेतले नाही. मीही हळूहळू मातीत रुतत गेले.

यंदा ओडेरोबाबांच्या सुनेला, अपोंदीला, मुलगी झाली. थोड्याच दिवसांत बाळ रडू लागले आणि दूध घेईना. दवाखान्यातून औषध आणले. नर्स म्हणाली, "थेंब थेंब पाजत राहा. पण तिनं आईचं दूध ओढलं नाही, तर कठीण आहे." बाळाचे रडणे बारीक होत गेले. ते मोठ्याने रडत होते तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती.

असे बाळ एखाद्या पूर्वजाचे नाव मागत असते, असे आमची माणसे मानतात. ज्या नावाला ते शांत होऊन दूध घेईल, ते नाव त्याचे. ओडेरोबाबा आणि त्यांची बहीण रिस्पाआत्या अंगणात बसून एकेक नाव हाकारू लागली.

"ओबुरा, तू आलायस का? ये, पी!"

"त्याला कशाला बोलावतोस? जन्मभर दारू प्याला तो, त्याला दुधाचं काय कौतुक!" आत्या म्हणाली.

कोणी हसले नाही. मासेमारी करणारे आजोबा झाले, त्यांच्या तिन्ही बायका झाल्या, सरोवरात बुडालेला काकाही झाला. बाळ प्रत्येक नावाला तोंड फिरवत होते.

मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, "अदोयो म्हणा! एकदा अदोयो म्हणून बघा!" पण मडक्याला तोंड असते, जीभ नसते.

शेवटी अपोंदीला तिथे बसवेना. ती बाळाला छातीशी धरून कुंपणाबाहेर आली आणि माझ्याशेजारी मटकन बसली. कोंबडी फडफडत उठली. माझा गळा उघडा पडला. अपोंदी कुंभारणीची लेक. तिचे बोट नकळत माझ्या रेघांवरून फिरले आणि थबकले.

"बाबा, हे मडकं कोणाचं?"

"कोंबडीचं," कुंपणाआडून बाबा म्हणाले.

"थट्टा नको! हे डाव्या हातानं केलंय. तुम्ही डावखुरे, तुमचा मुलगा डावखुरा. आत्ता नावं घेतलीत, त्यांत डावखुरं कोण होतं?"

"कोणी नाही. आतले सगळे झाले, सूनबाई."

"आणि बाहेरचे?"

 बाबा पुटपुटले, "ते नाव घेतलं, तर माझा बाप कोणाचा हे गावभर होईल. आणि बाहेरचं नाव लागलं, तर पोरही बाहेरचीच होईल."

"अरे, पोर आज हातची जातेय," आत्या कडाडली, "आणि तू उद्याचं काय घेऊन बसलास?"

ओडेरोबाबा बाहेर आले. गुडघे टेकून त्यांनी डावा हात माझ्या गळ्यावर ठेवला. 

"अदोयो," ते म्हणाले. "आजी, तू आलीयस का? ये. पी."

बाळ रडतच राहिले. त्यांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज फुटला आणि पुढे नुसते "आजी, आजी" एवढेच ऐकू आले. मग रडणे थांबले. मला वाटले, संपले. आणि तेवढ्यात अपोंदी ओरडली, "ओढतेय! आत्या, दूध ओढतेय!"

मित्रांनो, गुण औषधाचा की नावाचा, ते मला सांगता येणार नाही. पण तुमच्याही घराच्या गोष्टीत कोणीतरी कुंपणाबाहेर राहिलेले असेल. सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारा. जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्यावर कोणाच्या हाताची खूण आहे, ते बघा. आम्हाला तुमच्यासारखे बोलता येत नाही हो.

अपोंदीने कोंबडीला दुसरी जागा करून दिली आणि मला सरळ उभे केले. मी तडकलेले, पाणी काही माझ्यात टिकत नाही. तरी ती रोज भोपळ्याच्या तुंब्याने माझ्यात पाणी ओतते. ते सगळे तड्यातून खाली झिरपते. खाली अदोयो आहे.