तुलियाचा जनरेटर

शेकुवे नाखवा जनरेटर घ्यायला निघाला, तशी त्याची बायको तिमासुद्धा बुइबुईचा काळा बुरखा अंगावर टाकून त्याच्या मागोमाग निघाली. मागे एकदा तो एकटाच पाण्याचा पंप आणायला गेला होता, आणि तो पंप अजून परसात कोंबड्यांना बसायला उपयोगी पडत होता. नवऱ्यावर तिचा जीव होता, पण त्याच्या खरेदीवर काडीचा भरवसा नव्हता.

शेकुवेच्या शिडाच्या गलबताचं नाव ‘तुलिया’, स्वाहिलीत म्हणजे शांत राहा. केनियातल्या लामू बेटावरच्या हॉटेलातले पाहुणे घेऊन तो त्यांना दोन-तीन दिवस बेटांमधून फिरवून आणायचा. पूर्वी पाहुणे चांदण्यावर खूश असत. आता त्यांना थंड पाणी हवं, दिवा हवा, मोबाइल चार्ज झालेले हवेत. हॉटेलच्या मॅनेजरने गोड शब्दांत सांगून टाकलं होतं, की या मोसमात जनरेटर नसेल तर पाहुणे दुसऱ्या गलबतावर जातील.

किनाऱ्यावरच्या अवाधच्या दुकानात दोन यंत्रं बाहेर काढून ठेवली होती. एक उघडं, लोखंडी चौकटीतलं. दुसरं लाल पेटीत बंद, वर धरायला मूठ. शेकुवेने दोन्ही उचलून पाहिली, कारण छोट्या होडीतून गलबतावर चढवताना एक हात दोराला लागतोच. खारी हवा कुठे शिरेल, धूर कुठून निघेल, शिडाखाली झोपलेल्यांच्या नाकात तो जाणार नाही ना, असं सगळं त्याने नीट विचारलं. तिमाला वाटलं, चला, आज डोकं घरी ठेवून आलेला नाही.

मग अवाधने उघडं यंत्र चालू केलं. बाजूला उभं असलेलं गाढव पाठीवरच्या सिमेंटच्या पिशव्यांसकट उधळलं, आणि समोर बाकावर कॉफी पीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी अवाधच्या सात पिढ्या काढल्या. शेकुवेचा चेहरा मात्र खुलला. म्हणाला, “हा बरा. गोड चालतो.”

“गोड?” तिमा म्हणाली. “पाहुणे समुद्रात उड्या टाकतील.”

त्यावर तो म्हणाला, की पेटीतली यंत्रं नाजूक असतात, हे उघडं असल्यामुळे बिघडलं तर आपल्यालाच दुरुस्त करता येईल. ते खरंही होतं.

अवाधने ते बंद करून लाल पेटीची दोरी ओढली. हलकी गुणगुण सुरू झाली आणि अवाध कौतुकाने बाजूला उभा राहिला. शेकुवे हात मागे बांधून पेटीकडे पाहत होता.

“अरे, चालू कर ना,” तो म्हणाला. “की नुसता दाखवायला ठेवलायस?”

अवाध गोंधळून त्याच्याकडे बघतच राहिला. पण तिमाचं तोंड तिच्या मनापेक्षा चलाख होतं. ती मोठ्याने हसली. “ऐकलंस का अवाध? हे म्हणतात, इतका शांत आहे की चालू वाटतच नाही. आता त्यावरून भाव वाढवू नकोस.”

अवाध हसला. दोघांना हसताना पाहून शेकुवेही हसला, जरासा उशिरा. ते उशिराचं हसू तिमाने हल्ली लग्नांत, शेजाऱ्यांच्या ओट्यावर कितीदा पाहिलं होतं. रमजानच्या आधी ती त्याच्यावर रुसून दोन दिवस बोलली नव्हती आणि त्याला पत्ताही लागला नव्हता. नवरा दगड झालाय, असं तेव्हा तिने बहिणीला सांगितलं होतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

आम्ही येतोच, असं अवाधला सांगून तिने शेकुवेला धक्क्याच्या टोकाला नेऊन बसवलं.

“कधीपासून?”

“काय?”

तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खाडीच्या तोंडाशी संध्याकाळी लाटा खडकावर फुटतात, त्या आवाजावरून तो आयुष्यभर सुकाणू वळवत आला होता. या वर्षी तो आवाज गेला होता. सोबतीला असलेल्या भाच्याला, बुनुला, त्याने सांगितलं नव्हतं. बहिऱ्या नाखव्याबरोबर पाहुणे कोण पाठवणार? गलबत हातचं गेलं तर आपण काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं.

“तो मोठ्या आवाजाचा मला निदान ऐकू येतो, तिमा,” तो म्हणाला. “लाल पेटी बंद पडली तरी मी आपला चालू आहे समजून बसून राहीन.”

तिमाला रडू आलं आणि रागही आला. तिने दोन्ही थोडं थोडं केलं. मग डोळे पुसून म्हणाली, “तीस वर्षं म्हणतेय, मला बरोबर घेऊन चला. तुमचं एकच, बाईमाणसाला गलबतावर काय काम. आता आहे काम. भात मी रांधीन, आणि कान माझे वापरा.”

“लोक काय म्हणतील?”

“ते तुम्हाला कुठे ऐकू येणार आहे?”

शेकुवे हसला, आणि या वेळी अगदी वेळेवर हसला.

लाल पेटी तुलियावर आली. मागच्या बाजूला, धूर वाऱ्याबरोबर निघून जाईल अशी ती ठेवली. शेकुवेने अनवाणी पाऊल शेजारच्या फळीवर टेकवलं. फळी बारीक थरथरत होती. “चालू आहे,” तो म्हणाला, आणि तिमाला त्याची दृष्ट काढावीशी वाटली.

पहिल्या फेरीहून परतताना सूर्य बुडत होता. तिमा सुकाणूपाशी त्याला खेटून बसली. लाटा डाव्या अंगाला फुटू लागल्या की त्याचा डावा गुडघा दाबायचा, उजव्या अंगाला फुटल्या की उजवा, असं ठरलं होतं. शेकुवे पूर्वीच्याच ऐटीत सुकाणू वळवत होता आणि तुलिया खाडीत अलगद शिरली.

शिडाच्या दोरीपाशी उभ्या बुनुने हे सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गावभर केलं, की मामाला म्हातारपणी बायकोचं वेड लागलंय, मामीचा हात गुडघ्यावर असल्याशिवाय त्याला गलबत हाकता येत नाही. शेकुवेला अर्थातच यातलं काही ऐकू आलं नाही. शेवटी तिमानेच ते त्याच्या कानात सांगितलं. नाखवा लाजला, आणि त्याने गुडघा तिच्याकडे थोडा सरकवला.