हलणारा तक्ता

मित्रांनो, एखाद्या कचेरीच्या भिंतीवर मोठा पडदा असतो आणि त्यावर आडव्या रंगीत पट्ट्या दिसतात, ते कधी पाहिलंत का? मी त्याच जातीचा एक जुना तक्ता आहे. वयाने जुना असलो तरी माझी बुद्धी शाबूत आहे, आणि खरं ते तोंडावर सांगायची खोड अजून गेलेली नाही. ती खोड मला आधी कशी महागात पडली आणि मग तीच कशी कामाला आली, ते सांगतो.

मी जन्मलो एका सॉफ्टवेअर कंपनीत. मला घडवलं काकूंनी. त्या तिथे कुणाच्या सख्ख्या काकू नव्हत्या, वयही फारसं नव्हतं; पण कोण जेवलं नाही, कोण कुणाशी अबोला धरून आहे आणि कुणाचं काम कुठे अडलंय, हे सगळं त्यांना ठाऊक असे. म्हणून सारी कचेरी त्यांना काकू म्हणे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती गिऱ्हाइकाच्या हाती देणं म्हणजे रिलीज. तो कधी करायचा आणि त्याआधी कोणतं काम कधी संपायला हवं, हे ठरवायची जबाबदारी काकूंची. सुरुवातीला त्या कागदाच्या पट्ट्या भिंतीला चिकटवत. पंखा लावला की निम्मी कामं जमिनीवर यायची. शेवटी वैतागून त्यांनी मला संगणकात उतरवलं.

डावीकडून उजवीकडे तारखा, प्रत्येक कामाची एक पट्टी आणि शेवटी रिलीजची उभी रेघ. एवढं तर कुठलाही तक्ता करतो. माझी ताकद वेगळी होती. सॉफ्टवेअरमध्ये काही चुकलं की त्याची नोंद होते, तिला तिथे तिकीट म्हणतात. चूक सुधारली की तिकीट बंद. काकूंनी माझी एकेक पट्टी तिच्या तिकिटांशी जोडून टाकली. तिकीट उघडलं की पट्टी आपोआप लांबायची आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या पट्ट्याही सरकायच्या. काम वेळेत असलं की मी हिरवा, रेघेपलीकडे गेलं की लाल. मी कुणाची भीडभाड ठेवली नाही, अगदी काकूंचीसुद्धा.

ते माझे ऐन उमेदीचे दिवस होते. सकाळी जो तो चहाचा कप घेऊन आधी माझ्यासमोर उभा राहायचा. "अरे, तुझी पट्टी माझ्या डोक्यावर बसलीय, उठव तिला!" असं चाचणी करणारा चष्मेवाला ओरडायचा. "बसू दे, तेवढीच सावली," असं दाढीवाला प्रोग्रामर म्हणायचा. भांडण व्हायचं, हशा व्हायचा आणि कामं व्हायची. मी नसतो तर या माणसांचं कसं झालं असतं, असा विचार माझ्या मनात यायचा. अजूनही येतो.

मग एक मोठं काम आलं. शहरातल्या डायलिसिस केंद्रासाठी सॉफ्टवेअर करायचं होतं. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त तिथे मशीनवर शुद्ध करतात. कोणता रुग्ण, कोणत्या वेळी, कोणत्या मशीनवर, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवणार होतं. केंद्राच्या डॉक्टरीणबाई पाहणीला आल्या. आमचे साहेब हातात काठी घेऊन मला समजावून सांगू लागले. "ही चाचणी बघा, याच आठवड्यात संपतेय," असं म्हणून त्यांनी काठी टेकवली, आणि नेमकी तेव्हाच ती पट्टी काठीखालून सुळकन पुढे निघून गेली! पलीकडच्या खोलीत दाढीवाल्याने अगदी प्रामाणिकपणे एक तिकीट उघडलं होतं. साहेब काठी घेऊन पट्टीच्या मागे. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

पाहुण्या गेल्यावर साहेब भडकले. "या तक्त्याने माझं नाक कापलं! मला स्थिर चित्र हवंय. तिकिटांची जोडणी काढून टाका."

"साहेब, मग ते नुसतं चित्र उरेल," काकू म्हणाल्या.

"चित्रच दाखवायचंय मला. तिकिटं तुम्ही बघा ना."

साहेब वाईट नव्हते. तारखेचा शब्द तेच देत आणि तारीख चुकली की बोलणीही तेच खात. काकूंनी थोडा वाद घातला आणि मग जोडणी काढली. मला काहीच दुखलं नाही, मित्रांनो. नुसतं सगळं शांत झालं.

गंमत म्हणजे त्यानंतर माझं कौतुक सुरू झालं. मी सदा हिरवा! साहेबांनी माझं चित्र छापून दारापाशी लावलं. येणारे-जाणारे म्हणत, "वा, काय नियोजन आहे!" पण चहाचा कप घेऊन माझ्याशी भांडायला आता कुणी येईना. हिरव्या तक्त्याशी भांडायचं तरी काय? माझी अशी हेळसांड कौतुक होत असतानाच झाली आणि ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

त्या दिवसांत चष्मेवाल्याला एक चूक सापडली. मशीन दुरुस्तीला गेलं, की त्यावरचे रुग्ण यादीतून गायब व्हायचे. त्यांना ना दुसरं मशीन मिळायचं, ना निरोप जायचा. त्याने तिकीट उघडलं. दाढीवाल्याने दुरुस्ती करून ते बंद केलं. पण ती दुरुस्ती सकाळच्या पाळीपुरतीच लागू पडली, म्हणून चष्मेवाल्याने ते पुन्हा उघडलं. आता काकूंना कळलंच असेल, तक्ता सरकला असेल, असं तो धरून चालला. सवयच होती तशी. आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी हिरवा दिसलो, म्हणून त्या निश्चिंत राहिल्या. त्यांनाही सवयच होती. मला भरवशाचा मानणारी दोन माणसं माझ्याच भरवशावर फसली. मी तरी काय ओरडून सांगणार? मला काही कळवायची वाटच कुणी ठेवली नव्हती.

रिलीज दुसऱ्या दिवसावर आला. माझ्या पडद्याखालीच जेवायचं टेबल आहे. काकू डबा उघडता उघडता सासऱ्यांच्या गोष्टी सांगत होत्या. ते जुने मोटार मेकॅनिक, आता एक दिवसाआड त्याच केंद्रात डायलिसिसला जायचे. तिथली खिडकीजवळची खुर्ची त्यांची लाडकी, कारण समोरचं गॅरेज दिसायचं. "मशीनला जोडलेले असतात आणि तिथून त्या पोरांच्या चुका काढत बसतात," काकू हसून म्हणाल्या. "उद्या आपलं सॉफ्टवेअर लागलं की त्यांची पाळीही तेच ठरवणार."

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला. "काकू, म्हणजे उद्याचा रिलीज होतोय?"

"होतोय म्हणजे? तक्ता हिरवा आहे की!"

"अहो, मशीन दुरुस्तीला गेलं की माणसं गायब होतात. ते तिकीट अजून उघडं आहे. तक्त्याला कसं कळणार? त्याची जोडणी आपणच काढलीय ना?"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. सासऱ्यांची एक पाळी चुकली की त्यांना श्वास लागतो, हे त्यांनी घरी पाहिलं होतं. डबा तसाच ठेवून त्या साहेबांकडे गेल्या आणि त्यांना माझ्यासमोर घेऊन आल्या.

"मी शब्द दिलाय, काकू. आता माघार घेतली तर ते काम काढून घेतील," साहेब म्हणाले. "घरचं माणूस तिथे आहे, म्हणून तुम्ही घाबरताय."

"घाबरलेच आहे. पण माझं राहू द्या. तक्त्याला जोडते, तो काय म्हणतो ते ऐका. तरी पटलं नाही तर मी गप्प बसेन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "जोडा," ते म्हणाले.

काकू संगणकाशी बसल्या. पट्टीला तिकीट जोडलं गेलं आणि मला एकदम सगळं समजलं. चाचणीची पट्टी लाल झाली. ती लांबली, तिने पुढचीला ढकललं, पुढचीने तिच्या पुढचीला, आणि सगळी रांग रिलीजची रेघ ओलांडून पलीकडे जाऊन थांबली. इतका लाल मी आयुष्यात कधी झालो नव्हतो, आणि इतका अभिमानही मला कधी वाटला नव्हता.

साहेब खुर्चीत बसले, त्यांनी घाम पुसला आणि स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन लावला. काहीही न लपवता सगळं सांगितलं. फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"तारीख पुढे गेली तर मी वहीवर काम भागवीन. माणूस गायब झाला असता तर मी काय केलं असतं? नीट करून आणा. आणि तो पळणारा तक्ताच आणा हं, छापलेला नको."

काम आमच्याकडेच राहिलं. दारापाशी लावलेलं चित्र साहेबांनी स्वतः काढलं. दुरुस्ती दोन्ही पाळ्यांसाठी झाली, तिकीट बंद झालं, मी हिरवा झालो आणि मगच रिलीज झाला.

पुढे एकदा काकू डबा न उघडताच टेबलाशी बसून सांगू लागल्या. आदल्या दिवशी केंद्रातलं एक मशीन बंद पडलं होतं, नेमकं खिडकीजवळचं. सासऱ्यांना फोनवर निरोप गेला, आतली खुर्ची मिळाली, पाळी वेळेवर झाली. पण म्हातारा घरी आला तो धुसफुसतच. "काय तुमचं ते सॉफ्टवेअर, सूनबाई! समोर त्या पोराने अख्खं इंजिन उघडलं होतं, आणि मला भिंत बघत बसवलं!"

सांगता सांगता काकू हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. चष्मेवाल्याने गुपचूप स्वतःचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

आता माझ्या जागी नवा तक्ता आला आहे. तो माझ्यापेक्षा देखणा आहे, पण त्याचीही एकेक पट्टी तिकिटांना जोडलेली आहे, हे मी आधी बघून घेतलं. मित्रांनो, आम्हाला पुसा, सजवा, वाटेल तेवढं आमच्याशी भांडा. पण आम्ही लाल झालो म्हणून आमची जोडणी तोडू नका. आम्हाला खरं कळू द्या. मग एखादा म्हातारा घरी येऊन खिडकीसाठी भांडेल, पण तो घरी येईल.