निम्म्याचं निम्मं

खंडेरावांनी पुन्हा पंखा लावला आणि स्टँडवरचे कागद भुर्रकन उडून दिवाणाखाली गेले.

"बाबा! संपलं नव्हतं!" हेमांगी आपल्या चेलोमागून ओरडली.

"वाजत तर काय नव्हतं. घामानं निथळताय पोरी, म्हणून लावला."

व्हायोलिनवाल्या सलोनीने गज खाली ठेवून कपाळाला हात लावला. बोईसरचा मे महिना, रस्त्याच्या आवाजापायी बंद केलेल्या खिडक्या आणि उद्या चिंचणीच्या शाळेत कार्यक्रम. किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य सुरांत मांडायला हेमांगीने दोन वर्षं घातली होती. दर फेरीत सूर निम्मे व्हायचे आणि शेवटी व्हायोलिनचा एकच बारीक सूर विरत राहायचा. नेमका त्याच्यावरच बाबांचा पंखा! कारखान्याच्या कंप्रेसरपाशी जन्म काढलेल्या बापाने एकदा तरी हे शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच तिची हौस होती.

"निम्म्याचं निम्मं होत जातं, बाबा. पूर्ण असं संपतच नाही."

"मग पंखा लावायचा कधी?"

सलोनी फिसकन हसली. हेमांगीला मात्र रडू येत होतं. सकाळपासून पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं. उद्या पहिल्या रांगेत बसून हा माणूस त्या सुरावरच टाळ्या वाजवणार आणि सगळी शाळा त्याच्यामागून!

पंखा बंद करून पुन्हा सुरुवात झाली. खंडेराव बटणापाशी, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, डोळे मिटून उभे राहिले. सूर विरळ होत गेले. शेवटचा सूर लागला आणि त्यांच्या पाठीशीच कुकरची शिट्टी किंचाळली. सलोनी दचकली, तिचा गज घसरला. खंडेरावांची पापणीही हलली नाही. मग सावकाश त्यांचा हात वर गेला आणि पंखा फिरू लागला.

"आता तरी संपलं ना?"

हेमांगीने ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. तिची आई रंभाबाई गॅस बंद करून दारात आल्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहून हळूच मान हलवली. बोलू नकोस.

"शेवटचा सूर मी धरते," हेमांगी सलोनीला म्हणाली. "चेलोवर, अगदी खालच्या पट्टीत."

"वेडी का तू? तो बारीकच हवा! दोन वर्षं हेच ऐकवत आलीस."

"बदलला."

सलोनी धुसफुसत बसली. या खेपेला व्हायोलिन आधीच थांबलं आणि चेलोची सर्वांत जाड तार एकटी घुमत राहिली. खंडेरावांचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. भुवईवरचा घाम डोळ्यात उतरला, तो त्यांनी पुसला नाही.

तार शांत झाली. हेमांगीने गज मांडीवर ठेवला. उकाड्याने जीव नकोसा झालेली सलोनी पंखा लावायला उठली.

खंडेरावांनी बटणावर हात आडवा धरला.

"थांब पोरी," ते म्हणाले. "अजून हाय."