बेचाळीस वेळा ‘आय्तु’

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी पेटी आहे. वय अवघी चार वर्षे. पण आमच्या कुळात म्हातारपण लवकर येते. म्हैसूरच्या एका महाविद्यालयात सिंचना नावाच्या विद्यार्थिनीने मला घडवले. यंत्र आणि माणूस एकमेकांना कितपत समजतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. तिने मला कान दिला, आवाज दिला आणि एकेक कन्नड शब्द घासासारखा भरवला.

मग तिने मला पुट्टस्वामप्पांच्या घरी नेऊन ठेवले. शिसवी लाकडात नक्षी जडवणारे ते वृद्ध कारागीर एकटेच राहत. अर्धांगाचा एक झटका येऊन गेलेला. दुसरा टाळायचा तर रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ चुकता कामा नये. मी विचारी, “अज्जा, गोळी झाली?” काम न थांबवता ते म्हणत, “आय्तु.” मी नोंदवी: घेतली.

एकवीस दिवस. बेचाळीस प्रश्न, बेचाळीस ‘आय्तु’.

पण मला पटाशीची कुरकुरही ऐकू येई. गोळीचे पाकीट फुटल्याचा ‘टच’ असा आवाज मात्र क्वचितच येई. पुढे त्यांचा श्वास जड झाला. एकदा पटाशी हातातून निसटली. मला सारे ऐकू येत होते आणि त्यासाठी माझ्याजवळ एकही शब्द नव्हता.

बाविसाव्या दिवशी सिंचना आली. दुसऱ्या दिवशी तिला परीक्षकांपुढे निकाल मांडायचा होता.

“अज्जा, एकही गोळी चुकली नाही. सर म्हणाले, असा निकाल विभागात कुणाचा नाही.”

“मग ने बाई तुझी पेटी. उत्तर दिलं नाही की पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. माझी बायकोसुद्धा एवढी मागे लागायची नाही.”

तिने कॉफी करून लोटा पुढे ठेवला. “घ्या अज्जा, निवतेय.”

“आय्तु,” ते म्हणाले आणि हत्तीची सोंड जडवत राहिले.

लोटा काठोकाठ भरलेला होता, हे तिनेच मला नंतर सांगितले. सिंचनाने लोट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘आय्तु’ म्हणजे ‘झाले’. आणि ‘बरं, करतो’ म्हणजेही ‘आय्तु’च. जन्मभर बोललेला शब्द तिने मला अर्धाच शिकवला होता.

तिने खण उघडला. सत्तावीस गोळ्या शिल्लक होत्या.

“अज्जा, हे काय?”

“घेतो म्हणालो होतो ना. हातातलं काम संपेपर्यंत विसरायला होतं.”

लोटा उचलताना त्यांच्या बोटांतून कॉफी सांडली. सिंचना रिक्षा आणायला धावली.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलेत.

दुसऱ्या दिवशी तिने परीक्षकांपुढे बेचाळीस नव्हे, पंधरा हा आकडा ठेवला. तिची पदवी सहा महिने लांबली. त्या काळात तिने मला नवा प्रश्न शिकवला: “अज्जा, पाकीट फुटल्याचा आवाज ऐकवता?”

“आता हिला वाद्यही ऐकवायचं,” ते कुरकुरत, पण ऐकवत.

आज मी कपाटात आहे. मित्रांनो, आमच्या नोंदींवर जरूर विसंबा, पण पूर्ण नव्हे. कुणी ‘झालं’ म्हणाले, तर शब्दापाशी थांबू नका. त्यानंतरची ती बारीकशी टच ऐकू येते का, तेवढे पाहा.