पावतीपुरता पत्ता

कल्याणरामाला या सौद्यात मिळणार होते दोन हजार तीनशे एक्केचाळीस ईमेल-पत्ते, आणि जाणार होती समयांची एक जोडी. तीही एका समईवरच्या हंसाची चोच वाकलेली, म्हणून दोन वर्षं कुणी हात न लावलेली. इतक्या स्वस्तात यादी मिळाली की घेणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं. चोच वाकलेली समई देऊन टाकणाऱ्याकडून काहीतरी काढलं, असं यादी देणाऱ्यालाही वाटतं. सौदे जमतात ते असेच.

यादी देणारा रविशंकर. कुंभकोणम स्टेशनातून यात्रेकरूंना तिरुक्करुगावूरला नेणाऱ्या सहा गाड्या त्याच्या. तिथल्या देवीकडे बायका दोन कारणांनी जातात, मूल व्हावं म्हणून, नाहीतर पोटातलं मूल सुखरूप बाहेर यावं म्हणून. रविशंकरच्या बुकिंगच्या पानावर नाव, फोन आणि ईमेल यांच्या खाली आणखी दोन रकाने असत: कशासाठी जाता, आणि कितवा महिना. त्यात चौकसपणा नव्हता. पोटुशी बाई गाडीत असली तर ड्रायव्हरला तसं आधी सांगावं लागतं, नाहीतर तो पापनाशमच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे वेळेत पार करून दाखवतो. ईमेल घ्यायचा तो पावती पाठवायला. बायकांनी खरंखुरं भरलं, कारण गाडीवाल्याशी खोटं बोलून हाल आपलेच.

हीच यादी आता कल्याणरामाच्या भांड्यांच्या दुकानात आली. आडी महिना लागलेला. तमिळ मुलखात या महिन्यात लग्नं होत नाहीत, आणि लग्नं नाहीत म्हटल्यावर समया, घंगाळी, ताम्हनं कोण घेणार? कल्याणराम गल्ल्यावर बसून समोरच्या रस्त्यावरची माणसं मोजायचा. मागच्या खोलीत मात्र चौदा पितळी पाळणे पडून होते.

"दोन हजार तीनशे एक्केचाळीस बायका," तो माडीवर चढून मुलीला म्हणाला. "एकेकीला पाळणा लागणार. कीर्ति, पाठव."

कीर्ति सव्वीस वर्षांची, दुकानाचा ऑनलाइन कारभार माडीवरून ती पाहायची. तिची स्वतःची एक यादी होती, तीनशे अठरा जणांची. दुकानात येऊन कुणी पत्ता दिला तरी ती त्याला लगेच यादीत घेत नसे. आधी एक मेल जायचा: आमच्याकडून पत्रं यावीत असं वाटत असेल तर इथे 'हो' दाबा. जो दाबेल तोच आत. चार वर्षांत तीनशे अठरा.

"पाहुण्यासमोर पान मांडायचं आणि विचारायचं, खरंच जेवणार का," कल्याणराम यावर नेहमी म्हणे. "अशानं पाहुणा उठून जातो."

"पाहुणा आपल्या घरी आलेला असतो, अप्पा. मेल म्हणजे आपण न बोलावता त्याच्या घरात शिरून वाढणं."

"लोकांना वाढलेलं आवडतं."

"हजारात तिघांनी जरी 'हा कचरा आहे' असं बटण दाबलं ना, तरी आपलं नाव खराब होतं. मग ज्यांना हवं त्यांनाही आपली पत्रं पोचत नाहीत. आणि या बायकांनी पत्ता पावतीसाठी दिला होता. ज्या कामाला दिला त्याच कामाला वापरायचा, असा आता कायदा आहे."

"कायदा दिल्लीचा. रविशंकर आपला."

मग कीर्तिने वेगळी बाजू धरली. दुकानात एक जुना रिवाज होता, आजोबांच्या वेळेपासूनचा. पाळणा दर्शनी भागात टांगायचा नाही. मागच्या खोलीत, वर धोतराचं पान टाकून ठेवायचा. गिऱ्हाईक स्वतः पाळण्याचं नाव काढेपर्यंत आपण तो शब्द उच्चारायचा नाही, मग समोरची बाई नऊ महिन्यांची का असेना. मूल जन्मून बारशाला पोचलं, की घरचा वडीलधारा येतो आणि पाळणा मागतो. त्याआधी विकणं म्हणजे दृष्ट लावणं. हा रिवाज कल्याणरामाने इतका कडक पाळला होता, की एकदा एका बाईने "मागे काय आहे?" विचारलं तर त्याने "जुने हंडे" म्हणून सांगितलं होतं.

"अप्पा, दुकानात आलेल्या गरोदर बाईला तुम्ही पाळणा दाखवाल?"

"शिव शिव."

"मग तिच्या घरी पाठवता कसा?"

कल्याणरामाने कॉफीचा पेला खाली ठेवला. तिला वाटलं, जिंकली. तो म्हणाला, "बरं. मग पाळणा हा शब्द लिहू नको. नुसतं चित्र टाक."

ती दोन दिवस अडून बसली. शेवटचा उपाय म्हणून तिने रविशंकरलाच फोन केला: तुम्हीच तुमच्या नावाने विचारा की, अमक्या दुकानाची पत्रं चालतील का, आणि ज्या हो म्हणतील तेवढ्याच मला द्या. रविशंकर मनापासून हसला. "अग, विचारलं तर नको म्हणतील," तो म्हणाला. अख्ख्या धंद्याचं मर्म त्याने फुकटात सांगितलं, पण ते आपण सांगितलं हे त्याला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी कल्याणरामाने जाहीर केलं, की कीर्तिला जमत नसेल तर रविशंकरच्या ऑफिसातला माणूस येऊन पाठवील. त्या दुपारी कीर्तिने यादी पहिल्यांदा नीट उघडून पाहिली.

एक हजार सहाशे सातव्या ओळीत तिची वहिनी होती.

नाव नुसतं 'एस. सौंदर्या', तशा यादीत अकरा सौंदर्या होत्या. पण ईमेलचा पत्ता कीर्तिला पाठ होता. वहिनी वीणेच्या शिकवणीची रेकॉर्डिंग त्याच पत्त्यावरून पाठवायची. तारीख अठरा जानेवारी. कशासाठी: सुखरूप बाळंतपण. महिना: तिसरा.

कीर्तिने बोटं मोजली नाहीत, गरज नव्हती. तिसरा जानेवारीत, तर नववा जुलैत, आणि बाहेर जुलैची बावीस तारीख होती. मे महिन्यात गोविंदपुरमला मावसभावाच्या लग्नात याच सौंदर्याने ताकाचा भरलेला हंडा एकटीने उचलून पंगतीत नेला होता. सगळ्यांनी तिच्या ताकदीचं कौतुक केलं होतं. विघ्नेश, कीर्तिचा भाऊ, तेव्हा बाजूला उभा राहून मोबाइलमध्ये बघत होता, आणि कीर्तिने त्याला आळशी म्हणून टोमणा मारला होता.

म्हणजे चेन्नईहून ती एकटी आली होती, सासरच्या गावात उतरून सासरी न येता परस्पर गेली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. मग सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता कीर्तिसमोर दोन रस्ते होते. यादी नाकारली तर रविशंकरचा माणूस सगळ्यांनाच मेल पाठवणार, आणि चेन्नईत एका सकाळी सौंदर्याच्या फोनवर सासऱ्याच्या दुकानाकडून पाळण्याचं चित्र येणार. कारण सांगून नाकारलं तर चित्राआधी बातमीच पोचणार. तिसरा रस्ता तिने काढला तो असा: स्वतः बसली, ती एक ओळ काढली, आणि बाकीच्यांना पाळण्याच्या चित्राचा मेल पाठवला. तळाशी 'ही पत्रं नकोत' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. उरलेल्या दोन हजार तीनशे चाळीस जणींत मूल गेलेल्या आणखी किती सौंदर्या होत्या, हे ती मोजू शकत नव्हती, आणि म्हणूनच तिला बटण दाबता आलं. आपल्या माणसाला वाचवलं की बाकीच्यांचा हिशेब डोक्याला फार त्रास देत नाही.

निकाल तीन दिवसांत लागला. दोनशे बारा मेल पत्ता चुकीचा म्हणून परत. अठ्ठावन्न जणींनी कचऱ्याचं बटण दाबलं. नऊ जणींनी उत्तरं लिहिली. आठ जणींचा आशय एकच, माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला? नवव्या बाईने, कोइंबतूरच्या, फक्त 'काढा' एवढंच लिहिलं होतं. पाळणे खपले दोन. चौथ्या दिवशी मेल पाठवणाऱ्या कंपनीने दुकानाचं खातं बंद केलं, आणि चार वर्षं 'हो' म्हणून बसलेल्या तीनशे अठरा जणांनाही आडीतली पत्रं गेली नाहीत.

"अठ्ठावन्न जणींनी बटण दाबलं म्हणजे अठ्ठावन्न जणींनी वाचलं," कल्याणराम म्हणाला. तो खचणारा नव्हता. अहवालाचा कागद त्याने चष्मा लावून पाहिला, आणि नेमका नको तिथे थांबला.

"पाठवले दोन हजार तीनशे चाळीस. यादी एक्केचाळीसची."

"एक पत्ता चुकीचा होता, अप्पा."

"चुकीचे दोनशे बारा परत आले म्हणालीस. ते पाठवल्यावर कळले. हा एकच आधी कसा कळला?"

पन्नास वर्षं पितळ तोलून घेणाऱ्या माणसासमोर तिने एक ओळ कमी ठेवली होती. उरलेल्या ओळींत कुठेतरी एखादी वाढवून ठेवली असती तर तो विचारता ना. पण हातचलाखीत शिकाऊ माणसं इथेच फसतात.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. कल्याणरामाने दोन्ही याद्या छापून घेतल्या, लाल पेन्सिल काढली आणि ओळीमागे ओळ खूण करत बसला. चोरी झाली असा त्याला संशय नव्हता. एक कमी का, एवढंच त्याला खुपत होतं. पहिल्या दुपारी आठशे ओळी झाल्या. दुसऱ्या दुपारी सोळाशे सात. ईमेल त्याला ओळखता येत नसे, पण फोन नंबर त्याला माणसांच्या चेहऱ्यांसारखे आठवत, आणि या नंबराला तो दर दिवाळीला स्वतः रिचार्ज करून द्यायचा.

तो गल्ल्यावरून उठून मागच्या घरात गेला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. जानेवारीत तिसरा, तर आता नववा. हंडा त्याच्या लक्षात नव्हता. पुरुषांच्या पंगतीला ताक वाढायला दुसरा कुणी होता.

"धनलक्ष्मी, ऐक!"

बायकोने ऐकलं, आणि तिच्या कानाने त्यातलं वेगळंच उचललं. "जानेवारीत आली होती? गावात? आणि घरी नाही?"

"अम्मा, थांब," कीर्ति जिन्यावरून म्हणाली. "फोन करू नको. आधी माझं ऐक."

"तुला ठाऊक होतं?"

यावर कीर्तिने जो क्षण घेतला, तेवढ्यात नंबर लागला होता. धनलक्ष्मी फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलायची, हात कामात राहावेत म्हणून.

"सौंदर्या, जानेवारीत कुंभकोणमला आली होतीस म्हणे. स्टेशनपासून घर किती लांब ग? ऑटोला दहा मिनिटं. सासरचा उंबरा एवढा उंच झाला?"

पलीकडे कुकरची शिटी झाली. मग आवाज आला, "कुणी सांगितलं, अम्मा?"

"सांगायला कोण कशाला पाहिजे? दुकानाच्या यादीत आहे. तिरुक्करुगावूरची गाडी. तिसरा महिना म्हणून तूच लिहिलं आहेस. मग आता..." इथे धनलक्ष्मी थांबली. बहुतेक तिलाही मे महिना आठवला.

"ते मी गाडीवाल्याला सांगितलं होतं," सौंदर्या म्हणाली. "गाडी हळू चालवावी म्हणून."

पलीकडे कुकरची दुसरी शिटी झाली.

"चौथ्यात गेलं. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, कुणाला सांगायचं नाही. ठेवते, अम्मा. कुकर झाला."

कल्याणराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धनलक्ष्मी रडली, तीही मनापासून, आणि रडणं एकटीने करायची तिला सवय नव्हती. संध्याकाळी तिने तिरुविसनल्लूरला बहिणीला फोन केला, बहिणीने आणखी दोघींना. आठवड्याभरात चेन्नईतल्या सौंदर्याला नवससायासांची, औषधांची आणि एका गुणी वैद्याची माहिती सहा घरांतून पोचली होती. तिने कुठेच 'हो' दाबलं नव्हतं. विघ्नेशने कीर्तिला एकच ओळ लिहिली: तू ओळ काढलीस म्हणून कळलं, नाहीतर ती यादी अप्पांनी पाहिलीही नसती. ते खरं होतं, म्हणून कीर्तिने उत्तर दिलं नाही.

आता कुणाचं काय गेलं ते पाहा. रविशंकरचं काहीच गेलं नाही, त्याच्या पानावर ते दोन रकाने अजून आहेत. कल्याणरामाने आठ दिवसांत दुसऱ्या नावाने नवं खातं उघडून घेतलं. पाळण्यांचा मेल मात्र त्याने पुन्हा पाठवला नाही, यापलीकडे त्याला किंमत पडली नाही. कीर्ति एक खोटं बोलून बसली आणि भावाच्या नजरेतून उतरली, ते तिला परवडण्यासारखं नाही, पण ती कमावती आहे, फेडील. धनलक्ष्मीला दुःख झालं आणि कामही मिळालं. ती आता दर शुक्रवारी सकाळी सातला सुनेला फोन करते, काय खाल्लंस, किती चाललीस, या महिन्यात काय झालं, सगळं विचारते, प्रेमाने विचारते. सौंदर्या फोन उचलते आणि उत्तरं देते. दुकानाच्या मेलच्या तळाशी निदान 'नको' म्हणायला एक ओळ असते. या फोनला तशी ओळ नाही, आणि सगळं देणं एकट्या सौंदर्याच्याच नावावर लागलं आहे.